सुभेदार, तिरंगा घातला नाही

सुभेदार, तुमच्यावर तिरंगा घातला नाही. हे सगळ्यात आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. जीव आता कुठे असेल, आणि मुळात असेल का, याबद्दल आपले मतभेद होते. ते तसेच राहू देत.

आष्ट्यात त्यावरून अजून बोलणं चालू आहे. चौकातल्या चहाच्या टपरीवर एक जण म्हणतो, सुभेदारांच्या बायकोनं झेंडा नाकारला. दुसरा म्हणतो, कॉलेजातल्या लायब्ररीवाल्या बाईंनी तिला फूस दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत आणि पूर्ण खोट्याही नाहीत. तुम्ही असतात तर स्वतः चौकात उभं राहून खुलासा केला असतात, आणि तो सांगलीतही ऐकू गेला असता. माझा आवाज ग्रंथालयात घडलेला आहे, म्हणून लिहिते.

पेपरात तुमच्याबद्दल आलं आहे. खटावकडचा जन्म, पलटणीतली वर्षं, सरहद्दीवरच्या नेमणुका, निवृत्तीनंतर सासुरवाडीला म्हणजे आष्ट्याला येऊन राहणं, कॉलेजच्या एनसीसी कॅडेटांना शिकवणं. फोटोही बरा आहे. फक्त त्या मजकुरात तुम्ही मला कुठे सापडला नाहीत.

आपली पहिली ओळख आवाजानं झाली. ग्रंथालयाची खिडकी मैदानावर उघडते आणि तिच्याखालच्या कडुनिंबाच्या सावलीत तुम्ही नव्या कॅडेटांचा पहिला तास घ्यायचात. हुद्दे, सॅल्यूट, कुणाला काय म्हणायचं, कुणापुढं कसं उभं राहायचं. मी आत बसून नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते.

"सॅल्यूट कुनाला ठोकायचा?"

"साहेबांना, सर!"

"कंच्या सायबाला? तुज्या सोसायटीचा सेक्रेटरी बी सायबच हाय की."

पोरं हसली.

"तोंडाकडं बघायचं न्हाई, खांद्याकडं बघायचं. राष्ट्रपतीनं दिलेलं कमिशन हाय का? हाय, तर त्येला सॅल्यूट. आत मानूस कसला का असंना."

मला राहवलं नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "म्हणजे कोट खुंटीला टांगलेला असला तरी चालेल?"

तुम्ही वर पाहिलंत. सगळा वर्ग वर पाहू लागला. "चालंल की, मॅडम," तुम्ही म्हणालात. "खुंटी तेवढी कमिशन घिऊन आली पायजे."

त्या दिवशी दुपारी तुम्ही ग्रंथालयात आलात, टोपी काढून काखेत धरलीत आणि म्हणालात, "मॅडम, माझ्या तासाला मधीच बोलायचं असंल तर खाली यून बोला. वरनं बोललं की पोरांस्नी वाटतंय, आकाशवानी झाली." तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते परवापर्यंत चाललं.

ग्रंथालयात टोपी काढून यायचं हा माझा नियम. उघड्या डोक्यानं सॅल्यूट करायचा नाही, नुसतं ताठ उभं राहायचं, हा तुमचा. दोन्ही नियम पाळले की माझ्या दालनात कुणालाच कुणाला सॅल्यूट करता येत नसे. आपण दोघांनी मिळून मिळवलेलं एवढं एकच यश मला आठवतं.

कारण दुसरं जे आपण मिळून केलं, त्याला यश म्हणवत नाही. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं नव्या कपाटांत हलवायची होती, शिपाई कमी पडत होते आणि तुम्ही म्हणालात, "माझी पोरं देतो. सुट्टीला जावा तुमी निवांत." मी गेले. परत आले तर पुस्तकं नव्या कपाटांत लागलेली, धुळीचा कण नाही, सगळ्यांचे कणे एका रेषेत. आणि सगळी पुस्तकं उंचीप्रमाणे. लंबा दाहिने, छोटा बायें. कोश आणि नकाशांचे खंड उजव्या टोकाला छाती काढून उभे, आणि कवितांची बारकी पुस्तकं डाव्या टोकाला गरिबासारखी. शेतीवरचं पुस्तक ज्ञानकोशाला खेटून होतं, कारण त्यांची उंची सारखी. विषय, लेखक, क्रमांक, कशाचाही संबंध नाही. मी एकेका कपाटापुढं थांबत शेवटपर्यंत गेले. तुम्हाला वाटलं, मी भारावून गेले.

"परेडला शोभा आली का न्हाई, मॅडम?"

"सुभेदार, यातलं एक पुस्तक मला शोधून द्या."

तुम्ही कपाटाकडं पाहिलंत, मग माझ्याकडं. "कितपत उंचीचं हाय?" तुम्ही विचारलंत.

तो सगळा पसारा परत विषयवार लावताना तुम्हीही रोज संध्याकाळी येऊन बसायचात. लावता लावता एखादं पुस्तक उघडायचात आणि तिथंच जमिनीवर मांडी घालून वाचत राहायचात. लष्करी आठवणींच्या पुस्तकांत तुम्हाला चुका सापडायच्या. एका निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या आत्मचरित्राला तुम्ही "लय पॉलिश" एवढाच शेरा दिला होता. मी त्यावर पानभर परीक्षण लिहिलं होतं. तुमचे दोन शब्द जास्त नेमके होते, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही आधीच बरेच फुगलेले असायचात.

हो, फुगलेले. मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं असा संकेत आहे, पण तुम्हाला गोड खोटं आवडलं नसतं. तुम्हाला गर्व होता. मिशीचा होता, बुटांच्या चकाकीचा होता आणि सगळ्यात जास्त आपल्या हुद्द्याचा होता. संस्थेच्या अध्यक्षांनी एका समारंभात तुमची ओळख 'कॅप्टन' म्हणून करून दिली तेव्हाची गोष्ट. अध्यक्षांना तुम्ही 'फेटेवाले' म्हणायचात, कारण फेट्याशिवाय ते व्यासपीठावर चढत नाहीत. तुम्ही उठलात, त्यांच्या हातातून माइक जवळजवळ काढून घेतलात आणि म्हणालात, "मी सुभेदार हाय. कॅप्टन येगळा असतुय. त्यो आमाला सायब म्हन्तो, आमी त्येला सायब म्हन्तो, पर आमी दोगं येगळं." आणि बसलात. फेटेवाल्यांचा चेहरा उतरला. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस. मला मात्र वाटलं, काय हा तोरा! फुकट मिळालेला मोठा हुद्दा नाकारायला आपल्या खऱ्या हुद्द्याबद्दल केवढी घमेंड लागत असेल. मी तसं तुम्हाला बोलूनही दाखवलं.

तुम्ही खूश झालात. "आता कुठं तुमाला कळाय लागलंय," म्हणालात.

मला कळत नव्हतं, सुभेदार. मला आजही सगळं पटत नाही. मिरवणुका, फेटे, शाली, नारळ, सत्कारमूर्ती आणि त्यांच्या मागं उभं राहून फोटोत यायला धडपडणारे चेहरे, हे मी आयुष्यभर पाहिलं आणि हसले. तुमची कवायत मला त्याच गोतावळ्यातली वाटायची. फरक एवढाच, की तुमच्यात इस्त्री चांगली. हुकमावरून दिलेला मान हा मान कसा, हा माझा प्रश्न होता. तो मी तुम्हाला चहा पिताना विचारला, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये विचारला, तुमच्या दारात वहिनींच्या हातची भाकरी खाताना विचारला. वहिनी म्हणायच्या, "आवं मॅडम, गरम हाय तवर खावा. हे काय पळून चाललं न्हाईत." दर वेळी तुम्ही उत्तर द्यायचात, आणि दर वेळी मी त्यात भोक शोधायची.

मिरजेच्या दवाखान्यात शेवटचं उत्तर दिलंत. छातीच्या दुखण्यानं तुमचा आवाज इतका खाली आला होता, की तुम्ही बोलताय हे कळायला मला वाकावं लागत होतं. मी तुमच्यासाठी एक पुस्तक आणलं होतं. तुम्ही ते हातात घेऊन नुसतं बाजूला ठेवलंत.

"मॅडम, आमी मान द्याया न्हाई शिकवत," तुम्ही म्हणालात. "मान काय शिकवून येतो व्हय? मान वाटत नसला तरी कसं वागायचं, ते शिकवतो. पटत नसलेला मानूस समोर आला तर पोरगं शिवी बी देत न्हाई आनि पाया बी पडत न्हाई. ताठ उभं ऱ्हातंय. एवडंच." तुम्ही दम खाल्लात. "द्या आता उत्तर."

"उद्या येते, तेव्हा देते," मी म्हणाले. "आज तुम्ही जिंकलात असं समजून झोपा."

"समजून?" तुम्ही म्हणालात आणि मिशीतल्या मिशीत हसलात.

परतीच्या एसटीत मी उत्तर तयार केलं. ते तुम्हाला सांगायचं राहिलं, म्हणून इथं लिहिते. पटत नसलेल्या माणसापुढं कसं वागायचं, हे तुम्ही खालच्यांना शिकवता. पण वर उभ्या असलेल्याला कोण शिकवतं? ज्याला रोज मान मिळतो, त्याच्या मनात हळूहळू काय शिजतं, त्याचा तास कुठल्या झाडाखाली होतो? तुम्ही यावर काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. सॅल्यूट घेणाऱ्यानं तो परत केलाच पाहिजे, तो त्याच्यावरचा हुकूम, असं म्हणाला असतात. मी म्हणाले असते, हात कपाळाला नेणं म्हणजे परत करणं नव्हे. तुम्ही चहा मागवला असतात. आपलं भांडण तिथं थांबलं आहे आणि माझ्या बाजूनं मी ते मिटवणार नाही.

अध्यक्षांनी प्राचार्यांमार्फत सुचवलं आहे, की यंदा नव्या कॅडेटांचा 'तो हुद्द्या-बिद्द्यांचा तास' नसला तरी चालेल, त्याऐवजी स्वागतगीत बसवावं. तास होणार आहे. तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, म्हणून तुमची कॅडेट तबस्सुम घेणार आहे. मी स्वतः वरून पाहणार नाही, खाली जाऊन बसणार आहे. मला जे विचारायचं ते समोरून विचारेन. प्राचार्यांना तसं सांगून झालं आहे. त्यांनी घाम पुसला.

तर आता त्या दिवसाबद्दल.

सकाळी मिरजेहून तुम्हाला घरी आणलं. गल्ली भरून गेली. मी पोचले तेव्हा वहिनी तुमच्या उशाशी बसल्या होत्या आणि तुमची मिशी नीट करत होत्या. रडून झालं होतं किंवा व्हायचं होतं. बाहेर कॅडेट गणवेशात रांगेनं उभे होते आणि त्यांच्या उजव्या टोकाला तबस्सुम, मुजावर टेलरांची मुलगी, यंदाची त्यांची सर्वांत वरच्या हुद्द्याची कॅडेट. तुम्हीच निवडलेली. डोळे सुजलेले, पण पाय जुळलेले.

मग अध्यक्षांचा ट्रक आला. झेंडूनं मढवलेला, पुढं कर्णा, त्यावर देशभक्तीची गाणी, मागं तुमचा फ्लेक्स. फ्लेक्सवर तुम्ही कोपऱ्यात होतात आणि मध्यभागी ते. ते उतरले, हात जोडले, चेहरा गंभीर केला. त्यांच्या दोन कार्यकर्त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून तिरंगा काढला आणि उलगडायला सुरुवात केली.

"ते घालू नगासा," वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"वहिनी, हा सुभेदारांचा सन्मान आहे. सगळ्या आष्ट्याचा सन्मान आहे."

"आसंल. पर ह्यांचा न्हाई त्यो. नोकरीवर आसताना गेलं आसतं तर पलटनीनं घालून पाठिवलं आसतं. हे दवाखान्यात गेलं, पेन्शन खात." त्यांचा आवाज हलला, पण थांबला नाही. "दर साली पोरांस्नी सांगायचं, माज्यावर कुनी झेंडा टाकला तर उठून बसंन म्हून. आता उठून बसलं तर परत कोन निजवायचं ह्यास्नी?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मागून एक आवाज आला, "झेंड्याला नगं म्हन्ती व्हय ही बाई?" त्याबरोबर गर्दीची कुजबुज बदलली. मोबाइल वर झाले. मला त्या क्षणी भीती वाटली, सुभेदार. मेलेला माणूस घरात, त्याची बायको जमिनीवर आणि तिनं जे खरं ते सांगितलं, तर तिलाच आता देशाशी वाकडी ठरवणार. तुम्ही आयुष्यभर आपला नसलेला मान घेतला नाहीत. तो आता तुमच्यावर जबरदस्तीनं पांघरला जाणार होता, आणि तोही तुम्ही शिकवलेल्या पोरांच्या डोळ्यांदेखत.

मी पुढं झाले. "अध्यक्ष, झेंड्याचा नियम आहे. निवृत्त माणूस आजारपणानं गेला तर घालत नाहीत."

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "तुम्ही तर या सगळ्याची टिंगल करता. आज एकदम नियम?"

"टिंगल करायलासुद्धा नियम धड लागतो," मी म्हणाले. "तुम्ही तेवढाही शिल्लक ठेवत नाही."

हे बोलून मला बरं वाटलं, पण उपयोग काही झाला नाही. कार्यकर्ते झेंडा धरून उंबऱ्यापर्यंत आले होते. गर्दी पुढं सरकत होती. माझ्या रिटायरमेंटच्या कागदांवर ज्यांची सही व्हायची आहे, त्यांच्याशी मी नुकतीच काय बोलले, हे मला तेव्हा कळत होतं.

आणि तबस्सुम ओरडली, "परेड, सावधान!"

तुमचाच आवाज, सुभेदार, फक्त पातळ. सगळ्या टाचा एकदम वाजल्या. ती दोन पावलं पुढं आली, उघड्या तिरंग्यासमोर ताठ उभी राहिली आणि तिनं सॅल्यूट केला. मागच्या रांगेनंही केला. झेंडा उलगडलेला आणि मुलं सॅल्यूटमध्ये, त्यामुळं गर्दीलाही हलता येईना. मोबाइलवाल्यांनीही नकळत पाय जुळवले. कुणीतरी कर्णा बंद केला. तिच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडं पाहून एकदोन भुवया वर गेल्या, त्या तशाच राहिल्या.

मग तिनं हात खाली घेतला, दुसऱ्या एका मुलीला खूण केली, आणि दोघींनी कार्यकर्त्यांच्या हातातून झेंडा घेतला. आडव्या घड्या घातल्या, केशरी आणि हिरवा पांढऱ्याखाली. मग दोन्ही बाजूंनी आत, चक्र वर येईपर्यंत. घाई नाही. तिनं ती घडी दोन्ही तळहातांवर घेतली आणि अध्यक्षांपुढं धरली.

"सर, झेंडा."

त्यांना तो दोन्ही हातांनी घ्यावा लागला. घेतल्यावर त्यांना काय करावं कळेना. नमस्कार करता येईना, कुणाच्या खांद्यावर हात ठेवता येईना, फेटा नीट करता येईना.

"खाली कुटं ठेवू नका, सर," ती अदबीनं म्हणाली. "गाडीत नेऊन ठेवा."

ते गेले, सुभेदार. ट्रकाकडं चालत गेले, दोन्ही हात पुढं करून, आणि लोकांनी त्यांना वाट करून दिली. ती मुलगी त्यांना वाईट बोलली नाही आणि त्यांच्या पायाही पडली नाही. मला तुमची आठवण झाली आणि तुमचा राग आला, कारण तुम्ही दवाखान्यात बरोबर बोलला होतात आणि आता ते ऐकायला नव्हतात.

मग तुमचे लोक पुढं आले. तासगावकडून, वाळव्याकडून, खटावहून, जुने निवृत्त फौजी. पांढरे सदरे, त्यावर पदकं, कुणाची काठी, कुणाचं कानाचं मशीन. खांदा कुणी द्यायचा यावर त्यांचं दारातच भांडण जुंपलं.

"सुभेदाराला सुभेदारच उचलनार. बरोबरीच्या हुद्द्याचंच लागत्यात."

"आरं, मी हवालदार हाय, पर त्येच्यासंगं जेवलोय बारा म्हैनं."

"जेवलास म्हून परमोशन झालं व्हय रं तुजं? सर मागं."

शोधून शोधून तीन सुभेदार निघाले. चौथा मिळेना. तेवढ्यात अध्यक्ष ट्रकाकडून परत आले, हात मोकळे करून, आणि खांद्यावरचं उपरणं सावरत तिरडीजवळ उभे राहिले.

"आपला हुद्दा, सायब?" तासगावच्या सुभेदारांनी अगदी नम्रपणे विचारलं.

"मी संस्थेचा अध्यक्ष आहे."

"त्ये सुभेदाराच्या वर येतंय का खाली, आमाला सांगता यायचं न्हाई," ते म्हणाले. "माफ करा."

तेव्हा वहिनी उठल्या. "चौथ्या ह्या मॅडम," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी?" माझ्या तोंडून निघालं. "मी कुठली? मला तर..."

"ह्यांच्यापुढं कुनी तोंड उघडत नव्हतं. मी बी न्हाई. तुमी येकट्याच उलटं बोलायच्या. बरोबरीचं आनि कोन हाय हितं?"

बाईनं खांदा द्यायचा का, यावर गर्दीत थोडी चुळबुळ झाली. तिघा सुभेदारांनी एकमेकांकडं पाहिलं. मग त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं, सुभेदारीण जे म्हणते त्यावर अपील नसतं, अशा चेहऱ्यानं मान हलवली. मी त्या तिघांपेक्षा वीतभर बुटकी, म्हणून त्यानं आपला टॉवेल घडी करून माझ्या खांद्यावर ठेवला. पुढं मडकं धरून तुमचा पुतण्या. मी मागं, डाव्या बाजूला.

उचलल्यावर कळलं, तुम्ही जड होतात. आणि कळलं की चौघांची पावलं एक नसली तर तिरडी झुलते आणि वरचा माणूस पाळण्यात असल्यासारखा हलतो. त्या तिघांच्या अंगात ते मुरलेलं होतं. मी मात्र कधीच कुणाबरोबर पाऊल मिळवून चाललेले नाही. मुद्दाम चाललेले नाही. चौकात माझा पाय चुकला.

"मॅडम, डावा," शेजारून दबक्या आवाजात हुकूम आला.

मी पाय बदलला. मनात मान होता म्हणून बदलला, की तिरडी हलू नये म्हणून, हे तुम्ही नक्की विचारलं असतंत, आणि मी दोन्हीतलं काहीच कबूल केलं नसतं. पण पुढं ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत ती हलली नाही, सुभेदार. जराही नाही.